घरच्या भट्टीत काशाची घंटा: प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर २०२४

हेतू: १५० मिमी तोंडाची ओतीव काशाची घंटा, तयार वजन सुमारे २.४ किलो. धातू तांबे ७८ टक्के, कथील २२ टक्के. घाट पोर्तुगीज घंटेचा, म्हणजे कमरेला बारीक आणि ओठाला जाड. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आपल्याकडच्या देवळांत या घाटाच्या घंटा आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली १७२१ सालची घंटा त्यातलीच. सरळ भिंतीच्या देवळी घंटेपेक्षा हा घाट ओतायला अवघड, कारण जाडी ठिकठिकाणी बदलते. नाद मात्र याचा लांबतो.

कथील तांब्याहून बरंच महाग आहे. म्हणून आधी पितळ आणि गनमेटल (तांब्यात थोडं कथील, शिसं, जस्त) ओतून बर्नर, मूस (धातू वितळवायचं भांडं), साचा यांची ओळख करून घ्यायची आणि मग काशाला हात लावायचा. सगळं ओतकाम फेब्रुवारीअखेर संपवायचं. पावसाळी हवेत वाळू, मूस, कोळसा सगळं ओलावा धरतं आणि तांब्याच्या मिश्रधातूंचा पहिला वैरी ओलावाच.

भट्टीचं शरीर: ३ मिमी लोखंडी पत्र्याचं नळकांडं, व्यास ४०० मिमी, उंची ४५०. तळाजवळ ३० मिमीचं भोक ठेवलं आहे. मूस फुटली तर वितळलेल्या धातूचा रस तिथून खालच्या कोरड्या वाळूत उतरावा, भट्टीत साचून बर्नरच्या नळीत शिरू नये. एरवी या भोकावर सिरॅमिक फायबरचा बोळा. भट्टीखाली आणि ओतायच्या जागी ५० मिमी कोरड्या वाळूचा थर. काँक्रीटवर रस सांडला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फरशीचे तुकडे उडतात.

१५ डिसेंबर २०२४

अस्तर. बाहेरून आत असा क्रम: सिरॅमिक फायबर ब्लँकेट २५ मिमीचे दोन थर (१२६० अंशांचा दर्जा, घनता घनमीटरला १२८ किलो), त्याच्या आत २० मिमी कास्टेबल, म्हणजे पाण्यात कालवून ओतायचं आच सोसणारं काँक्रीट, ६० टक्के अॅल्युमिनाचं. आतला मोकळा व्यास २६० मिमी राहिला. सहा किलोच्या क्ले-ग्राफाइट मुशीचं तोंड सुमारे १५० मिमी, म्हणजे चहूबाजूंनी ५५ मिमी ज्योत फिरायला जागा. हे अंतर ४० च्या खाली गेलं तर ज्योत एका बाजूला मुशीला चाटते आणि मूस त्या बाजूनं झिजते.

ब्लँकेट कापताना पी-२ दर्जाचा मास्क आणि हातमोजे लागतातच. जुन्या भट्टीचं फायबर उकरताना तर अधिकच, कारण हजार अंशांच्या आसपास बराच काळ तापलेल्या फायबरमध्ये क्रिस्टोबलाइट (सिलिकाचे घातक स्फटिक) तयार होतं आणि त्याची धूळ फुप्फुसात बसते. कास्टेबलचं आवरण त्यासाठीही हवं: फायबर उघडं राहत नाही आणि ज्योतीच्या वाऱ्यानं तंतू उडत नाहीत.

कास्टेबल २५ किलोच्या दोन पोत्यांत भिंत, तळ आणि झाकण झालं. पाणी वजनाच्या ११ टक्के, पोत्यामागे पावणेतीन लिटर. मुठीत दाबून लाडू वळला, उडवून झेलला, तो फुटला नाही आणि पसरलाही नाही, की पाणी बरोबर. ओघळेल इतकं पातळ केलं तर ओतायला सोपं जातं, पण वाळल्यावर अस्तर सच्छिद्र आणि कमजोर होतं. साच्याच्या पत्र्याला बाहेरून ठोकत हवेचे बुडबुडे काढले. २४ तास ओल्या गोणपाटाखाली.

झाकणाला मधोमध ९० मिमीचं भोक. ते एका खांबावर फिरतं ठेवलं, म्हणजे तापलेलं झाकण उचलावं लागत नाही, फक्त बाजूला सरकवायचं.

२२ डिसेंबर २०२४

वाळवण. गोणपाट काढल्यावर सावलीत ठेवून मग आत ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून दोन रात्री. त्यानंतर छोट्या ज्योतीवर: ११० अंशांवर तीन तास, तासाला ३० अंशांनी चढवत ३०० ला दोन तास, ५५० ला दोन तास, मग लालभडक. घाई केली तर आतली वाफ अस्तराचे टवके उडवते. केसासारख्या दोन भेगा पडल्या आहेत, त्या चालतात. नखाइतकी रुंद भेग मात्र बुजवावी लागते.

२९ डिसेंबर २०२४

बर्नर. नुसत्या व्हेंच्युरीचा, म्हणजे गॅसच्या झोतानंच हवा ओढणारा न घेता ब्लोअरचा घेतला. हवा आणि गॅस स्वतंत्र वळवता येणं हे तांब्याच्या कामात गरजेचं आहे. त्याचं कारण १२ जानेवारीच्या नोंदीत येईल.

ब्लोअर भात्याचा, २८०० फेऱ्यांचा, तोंडाला हवा कमी-जास्त करायची फिरती झडप. पुढे ३८ मिमी लोखंडी पाइप, त्यात मध्यावर गॅसचा जेट, छिद्र १.५ मिमी. दाब ०.२ ते ०.३ बार ठेवला की तासाला साधारण दीड ते दोन किलो गॅस जळतो. दीड किलो गॅसला सुमारे २० घनमीटर हवा लागते. ती ३८ मिमी पाइपातून सेकंदाला पाचेक मीटर वेगानं जाते, त्यामुळे ज्योत मागे शिरत नाही. पाइप ५० मिमीचा घेतला असता तर वेग पावणेतीन मीटरवर आला असता आणि गॅस कमी करताच ज्योत पाइपात परतली असती. नोझल भट्टीत स्पर्शरेषेत, मुशीच्या बुडाच्या उंचीला.

गॅस १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर अशा कामाला वापरायची परवानगी नाही. घरगुती रेग्युलेटरही उपयोगाचा नाही, दाब वळवता येणारा हाय-प्रेशर रेग्युलेटर लागतो. थंडीच्या सकाळी दीड किलोच्या वेगानं गॅस ओढला की सिलिंडर गार पडतो, बाहेर दव धरतं आणि दाब घसरतो. उपाय: साध्या पाण्याच्या घमेल्यात उभा करणं. त्याला कुठलीही आच दाखवायची नाही.

पेटवायचा क्रम: झाकण उघडं, आत जळता बोळा, ब्लोअर अगदी मंद, मग गॅस. बंद करताना आधी गॅस, ब्लोअर नंतर दहा मिनिटं चालू, म्हणजे नोझल निवतं. वीज गेली तर सर्वांत आधी गॅस बंद. तो हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत पसरून खड्ड्यात साचतो. म्हणून सिलिंडर भट्टीपासून तीन मीटर, उतारावर नाही आणि तळघरात तर नाहीच.

एक हिशोब लिहून ठेवण्यासारखा. पाच किलो तांबं वितळायला साडेतीन मेगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे ७५ ते ८० ग्रॅम गॅस. प्रत्यक्षात थंड भट्टीपासून किलोच्या वर गॅस जातो, बाकी सगळी उष्णता अस्तरात आणि झाकणाच्या भोकातून वर. म्हणून एक मूस ओतून भट्टी बंद करण्यापेक्षा लागोपाठ दोन-तीन मुशी काढणं परवडतं.

५ जानेवारी २०२५

नव्या मुशीला आधी ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, मग रिकाम्या भट्टीत लाल होईपर्यंत आणि भट्टीतच थंड. ओलावा धरलेली मूस थेट ज्योतीत ठेवली तर कवच सुटतं. मुशीखाली बसका विटेचा ठोकळा, वर ग्राफाइटची पूड, नाहीतर मूस ठोकळ्याला चिकटते आणि उचलताना बूड मागे राहतं.

आज पितळेचं भंगार: जुने नळ, कॉक, फिटिंग. कानस मारून रंग पाहिला. पिवळं ते पितळ, गुलाबीसर ते गनमेटल, ते वेगळं ठेवलं. अॅल्युमिनियमची चकती, लोखंडी स्क्रू, रबर सगळं काढलं. दोन्ही टोकांनी बंद असलेला प्रत्येक तुकडा करवतीनं उघडला. आत पाणी किंवा तेल असेल तर तो मुशीत फुटतो. स्प्रिंगांच्या किंवा ठिणगी न पाडणाऱ्या हत्यारांच्या तांब्यात बेरिलियम असू शकतं. तसला तुकडा भट्टीजवळही आणायचा नाही, त्याचा धूर फुप्फुसाला कायमची इजा करतो.

मुशीत तुकडे सैल भरायचे. ठासून बसवलेला तुकडा तापून फुगतो आणि मूस चिरतो.

जस्त ९०७ अंशांना उकळतं. साठ-चाळीसचं पितळ ९०० च्या थोडं वर वितळतं, म्हणजे वितळण्यापासून जस्त उडू लागण्यापर्यंतची खिडकी अरुंद. १०५० च्या पुढे पृष्ठभागावर हिरवट-पांढरी ज्योत नाचायला लागते आणि कापसासारखा जस्त-भस्माचा धूर उठतो. वरून फुटक्या काचेचं झाकण घातलं (पाव किलो स्वच्छ बाटलीची काच) आणि १००० अंशांवर ओतलं. चार किलोतून ३.७ किलोच्या लगडी निघाल्या. घट जस्ताची आणि मळीची. पुढच्या वेळी शेवटी थोडं जस्त घालून भरपाई करायची, कागदात गुंडाळून, चिमट्यात धरून रसाच्या तळाशी दाबून.

धूर श्वासात गेला तर चार ते बारा तासांनी हुडहुडी, ताप, तोंडाला गोड धातूची चव. एक-दोन दिवसांत उतरतं. दूध पिऊन तो टळतो असं ओतशाळांत सांगतात, पण टाळायचा खरा मार्ग वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहणं आणि रस गरजेपेक्षा न तापवणं. नळांच्या पितळेत शिसंही असतं, म्हणून या लगडींची भांडी किंवा समया करायच्या नाहीत. बिजागऱ्या, मुठी चालतील.

१२ जानेवारी २०२५

गनमेटलची बुश (फिरत्या दांड्याभोवतीचं नळकांडं), पंपासाठी. जुन्या व्हॉल्व्हच्या बॉडी, धातू ८५-५-५-५: तांबे ८५, कथील, शिसे, जस्त प्रत्येकी पाच. वाळू कासार्डेची सिलिका, बारीक, त्यात ८ टक्के बेंटोनाइट (चिकट माती) आणि साडेतीन टक्के पाणी. आपल्या नद्यांची काळी वाळू इथे चालत नाही. ती बेसाल्टची, गनमेटलच्या तापमानाला तिचा पृष्ठ मऊ पडतो, धातूला चिकटते. शिवाय त्यात चुन्याचे कण असतात, ते तापून वायू सोडतात.

रस ११५० वर तयार होता, पण साच्याची वरची पेटी ढासळली आणि ती पुन्हा भरेपर्यंत रस वीस-पंचवीस मिनिटं भट्टीत राहिला. ज्योत त्या वेळी पिवळी, झाकणावर हातभर लांब.

ओतण्याआधी नमुना घेतला. कोरड्या वाळूत ४० मिमी व्यासाचा, ५० मिमी खोल खळगा, त्यात थोडा रस. थिजताना वरचा पृष्ठभाग खोलगट बसला तर रस स्वच्छ. सपाट राहिला तर शंका. पावासारखा फुगून मधून दाणा वर आला तर रसात वायू आहे. आजचा फुगला. साचा भरला नाही, सगळा रस लगडीत ओतला. थंड झाल्यावर नमुना मधोमध कापला: आत टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि मोडीवर नारिंगी-तपकिरी डाग.

हे का होतं, ते जरा सविस्तर, कारण घरच्या भट्टीतलं तांब्याचं बहुतेक वाया गेलेलं काम इथेच जातं. गॅस जळताना पाण्याची वाफ होतेच. ज्योतीत हवा कमी असेल तर मोकळा हायड्रोजनही उरतो. वितळलेलं तांबं हायड्रोजन भरपूर पितं आणि थिजताना त्याची धरायची ताकद एकदम सुमारे तिसऱ्या हिश्शावर येते. उरलेला वायू बाहेर पडू पाहतो. रसात प्राणवायूही असेल तर दोघं मिळून वाफ करतात आणि ती धातूच्या वाढत्या फांद्यांमध्ये अडकते. गनमेटल १००० च्या आसपासपासून ८५० पर्यंत हळूहळू थिजतं. इतका वेळ ते पेजेसारखं असतं आणि बुडबुड्याला वर यायला वाट नसते. वरून नग ठीक दिसतो, दाबाखाली पाणी झिरपतं.

हायड्रोजन आणि प्राणवायू रसात एकमेकांना हटवतात. म्हणून वितळवताना ज्योतीत हवा किंचित जास्त ठेवायची: थोडा प्राणवायू शिरू दे, हायड्रोजन बाहेर राहील. आणि शेवटच्या मिनिटाला तो प्राणवायू फॉस्फरसनं काढून टाकायचा. उलट केलं, म्हणजे रस जळू नये म्हणून पिवळ्या ज्योतीत सांभाळला, तर वरून छान चकचकीत दिसतो आणि आतून वायूनं भरतो. कोळशाच्या पुडीचं झाकण द्यायचं तर कोळसा आधी लाल तापवून घेतलेला हवा. थंड कोळशात ओलावा असतोच.

पितळेत ही अडचण फार येत नाही. पंधरा टक्क्यांवर जस्त असलं की त्याची वाफच हायड्रोजन हुसकून नेते आणि जस्त स्वतः प्राणवायू पकडतं. पितळ ओतून सरावलेला माणूस गनमेटलला अडतो, त्याचं हे कारण.

१९ जानेवारी २०२५

त्याच लगडी. या वेळी साचा आधी तयार, भट्टी नंतर पेटवली. हा क्रम यापुढे बदलायचा नाही. लगडी झाकणावर ठेवून गरम आणि कोरड्या केल्या, तेलकट तुकडे वेगळे भाजले.

ज्योतीची परीक्षा: जस्ताची स्वच्छ थंड पट्टी झाकणाच्या भोकावर दोन-तीन सेकंद धरायची. काजळी धरली तर गॅस जास्त. स्वच्छ राहिली की हवा पुरेशी. झाकणावरची ज्योत आता आखूड, वीतभर, निळसर-हिरवी.

वितळायला लागल्यापासून ओतेपर्यंत रस लांबवला नाही. ११६० वर मूस बाहेर, मळी काढली, फॉस्फर-कॉपर घातलं. १५ टक्के फॉस्फरसचं, किलोला २ ग्रॅम, म्हणजे रसात ०.०३ टक्के. ग्राफाइटच्या कांबीनं ढवळलं. जास्त घालण्यात फायदा नाही: उरलेला फॉस्फरस रस इतका पातळ करतो की तो वाळूच्या कणांमध्ये शिरतो आणि साच्यातल्या ओलाव्याशी खेळून नवे बुडबुडे करतो.

नमुना छान खोलगट बसला. बुश ओतली, लेथवर घेतली, आतून भोकाचा मागमूस नाही.

तापमान मोजण्याबद्दल. के-प्रकारचा थर्मोकपल १२०० पर्यंत पुरतो, पण त्याचं इन्कोनेलचं कवच तांब्याच्या रसात विरघळत जातं, त्यातलं निकेल तांब्याला फार प्रिय. बंद बुडाच्या ग्राफाइट नळीत घालून बुडवायचा आणि आकडा स्थिरावला की काढायचा.

२६ जानेवारी २०२५

घंटेची तयारी.

पॅटर्न, म्हणजे साच्यात ठसा उमटवायची प्रतिकृती, शिवणीच्या लाकडाचा, लेथवर घडवलेला. आकुंचन दीड टक्का धरून तोंड १५२.३ मिमी, उंची १२२. ओठाची जाडी १२ मिमी, व्यासाच्या सुमारे साडेबाराव्या भागाइतकी. कंबर ५ मिमी, डोकं ७. ओठ पातळ केला तर आवाज फाटका येतो, फार जाड केला तर सूर चढतो आणि लवकर विझतो.

साचा सीओटू वाळूचा. कोरडी सिलिका, ४ टक्के सोडियम सिलिकेट, भरून झाल्यावर सुयांच्या भोकांतून कार्बन डायऑक्साइड पंधरा-वीस सेकंद. जास्त वेळ सोडला तर वाळू भुसभुशीत होते. वरून स्पिरिटमधला झिरकॉनचा लेप, पेटवून सुकवलेला. हा साचा हवेतला ओलावा ओढतो, म्हणून ओतण्याआधी १२० अंशांवर दोन तास.

घंटा तोंड खाली. रस कडेच्या उभ्या नळीतून (वर २२, खाली १४ मिमी) ओठाच्या पातळीला येतो, तिथून दोन समोरासमोरच्या बंद रायझरांत, म्हणजे रसाच्या साठ्याच्या पोकळ्यांत (व्यास ३२, उंची ६५) आणि रायझरातून ओठात. अशा मांडणीत शेवटचा गरम रस रायझरातच राहतो आणि जाड ओठ आक्रसताना त्याला पुरवठा होतो. डोक्यावर हवा जायला ३ मिमीची दोन भोकं.

वरची पेटी उचलली जाऊ नये म्हणून हिशोब: तोंडाचं क्षेत्र ०.०१८१ चौ.मी., रसाची उंची ०.२२ मी., त्यातून घंटेच्या आकाराचं घनफळ वजा, गुणिले ८७०० घनता. सुमारे २४ किलोंचा जोर. दीडपट धरून ३६, म्हणून २० किलोंची दोन वजनं.

धातू: घंटा २.४, रायझर ०.९, नळी-वाट-पेला ०.८५, नमुना आणि उरलेलं ०.३५. एकूण ४.५ किलो. तांबे ३.५१ किलो, बसबारचे (विजेच्या पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्ट्यांचे) तुकडे आणि सोललेली तार. जाळून सोललेली तार नको, डाग दिलेला पाइपही नको. कथील १ किलो.

बाजारातल्या कथलात शिसं मिसळलेलं असतं आणि टक्काभर शिसंही काशाचा नाद बसवतं. तपासणी: कांडी कानाजवळ वाकवली की शुद्ध कथील करकरतं, शिसेवालं मुकाट वाकतं. कागदावर ओढली तर शिशाची काळी रेघ उमटते. आणि किलोभर शुद्ध कथील १३७ मिलिलिटर पाणी सारतं, मिसळलेलं त्याहून कमी.

२ फेब्रुवारी २०२५

तांबं आधी एकटं, हवा किंचित जास्त. ११५० वर मळी काढून १० ग्रॅम फॉस्फर-कॉपर, ढवळून मिनिटभर थांबायचं आणि मगच कथील. प्राणवायू असलेल्या तांब्यात कथील टाकलं तर कथिलाचं ऑक्साइड होतं, त्याचे वाळूसारखे कडक कण घंटेत राहतात आणि कानस बोथट करतात.

कथील गरम करून चिमट्यानं खाली दाबलं. रस एकदम पातळ झाला: २२ टक्के कथिलाला द्रवबिंदू ८७० च्या आसपास येतो. नमुना खोलगट. ११२० वर ओतलं, साचा चार-पाच सेकंदांत भरला.

३ फेब्रुवारी २०२५

साचा सकाळी उघडला. पृष्ठभाग स्वच्छ, अक्षरं ठसठशीत. पण ओठापासून वर ४० मिमी उभी चीर.

चिरेचा तुकडा हातोडीनं वेगळा केला. जुन्या चिरेची मोड काळपट, ताजी मोड बारीक कणांची आणि रुपेरी. काळपट म्हणजे चीर धातू तापलेला असतानाच पडली. थंड झाल्यावर पडली असती तर तीही रुपेरी दिसली असती. वायूची भोकं कुठेही नाहीत, म्हणजे रस उत्तम होता. दोष गाभ्याचा, म्हणजे घंटेची आतली पोकळी राखणाऱ्या साच्याच्या भागाचा. सीओटू वाळूचा भरीव गाभा दगडासारखा, घंटा त्यावर आवळत गेली, गाभा दबला नाही. गनमेटल असतं तर ताण सोसलं असतं. काशाला ती सवड नाही.

काशाच्या वाटीचं उदाहरण इथे समजून घ्यावं. पायाला तूप चोळायची वाटी याच ७८-२२ च्या धातूची, पण ती लाल तापवून ठोकून घडवतात आणि लाल असतानाच पाण्यात विझवतात. ५८६ अंशांच्या वर धातूत मऊ अवस्था असते, विझवल्यानं ती ठिसूळ रूपात मोडत नाही. साच्यात सावकाश निवणाऱ्या घंटेत ती मोडते, कडक आणि ठिसूळ कण पसरतात. नाद त्या कडकपणातूनच येतो. म्हणून घंटेला विझवायचं नाही, आणि निवताना तिला कुठे अडकूही द्यायचं नाही.

१६ फेब्रुवारी २०२५

नवा गाभा पोकळ. भिंत २५ मिमी, वाळूत दीड टक्का लाकडाचा बारीक भुसा आणि २ टक्के काकवी. दोन्ही तापून जळतात आणि वाळू ढिली पडते. पोकळीत नुसती कोरडी सैल वाळू, खाली सरकता पत्रा. पेटी दोन विटांवर उभी. रायझर थिजले की पत्रा ओढायचा, सैल वाळू खाली गळते, गाभ्याची भिंत आत दबू शकते.

तडकलेली घंटा आणि रस यायच्या वाटांमध्ये थिजलेले तुकडे पुन्हा मुशीत. धातू आधीच मिश्र, त्यामुळे तापवायला कमी लागतं. जळून गेलेल्याची भरपाई म्हणून २० ग्रॅम कथील, फॉस्फर-कॉपर किलोला १ ग्रॅम, तेही कथिलाच्या आधी. नमुना खोलगट. या वेळी १०६० वर ओतलं. साचा कोमट, ८० अंश. पातळ कमरेला एवढी उष्णता पुरली आणि एकूण आकुंचनही कमी.

चार मिनिटांनी पत्रा ओढला. पेटी रात्रभर तशीच, झाकून.

१७ फेब्रुवारी २०२५

चीर नाही. दोरीला टांगून लाकडी हातोडीनं ओठावर टिचकी मारली, नाद स्वच्छ. चीर असती तर तो घरघरला असता.

रायझर करवतीनं कापले. हातोडीनं तोडायचे नाहीत, ओठाचा लचका जातो. कापलेला रायझर उभा चिरला: वर खोल पोकळी, ओठाकडच्या टोकाला धातू भरीव. म्हणजे पुरवठा झाला. घंटेचं वजन २.३८ किलो.

२३ फेब्रुवारी २०२५

ओठाच्या आत कानस आणि एमरी. आतून कंबरेला घासलं की सूर उतरतो, ओठाच्या कडेला घासलं की चढतो. थोडं घासून, निववून, ऐकून मग पुढे. घासताना घंटा तापली की सूर उतरलेला ऐकू येतो आणि अंदाज चुकतो.

लोळी (आत लोंबणारा, घंटेवर आपटणारा दांडा) साध्या मऊ लोखंडाची, ९० ग्रॅम, ओठाच्या सर्वांत जाड पट्ट्यावर लागेल इतक्या लांबीची. पोलादी कडक लोळी लावली तर काशाला आज ना उद्या चीर जाते. टांगणीत चामड्याची चकती घातली.

मूस तपासली: आतून बारीक जाळी, बाहेरून काचेचा लेप अजून सलग, ठोकल्यावर आवाज खणखणीत. अजून चालेल, पण फक्त काशाला. तिच्यात पितळ किंवा अॅल्युमिनियम घालायचं नाही. टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकं अॅल्युमिनियमही गनमेटलमध्ये ऑक्साइडचे पडदे करून गळती आणतं. उरलेलं १.९ किलो कासं लगडीत, छिन्नीनं "७८-२२" असं कोरून वेगळ्या डब्यात ठेवलं.